दीनाबाईंच्या सतरा चुका

आमच्या जिल्ह्यात ऊस निघतो, कांदा निघतो आणि बी.एड. झालेले शिक्षक निघतात. या तिसऱ्या पिकाला मी एकतीस वर्षं पाणी दिलं. नगरजवळच्या एका अध्यापक महाविद्यालयात मी इंग्रजी अध्यापन पद्धती शिकवत होतो. नाव राधाकृष्ण, पण पोरं पाठीमागे मला 'शेरेसर' म्हणायची. बी.एड.ला प्रत्येकाला शाळेत जाऊन सराव पाठ घ्यावे लागतात, प्रत्येक पाठाचं टाचण वहीत लिहावं लागतं, आणि मार्गदर्शकानं मागच्या बाकावर बसून पाठ बघायचा आणि टाचणाखाली शेरा मारून सही करायची असते. माझे शेरे ठरलेले. 'फलकलेखन सुबक.' 'आवाज स्पष्ट.' 'वेळेचे नियोजन साधावे.' हे शेरे कुठल्याही पाठाला चालतात, अगदी झोपेत मारले तरी चालतात. खोटं कशाला बोलू, काही मी तसेच मारलेले आहेत.

पण सांगायचंय ते माझ्याविषयी नाही, दीना पाटोळे यांच्याविषयी. मी पुष्कळांना शिक्षक केलं असं लोक माझ्या निरोपाच्या समारंभात म्हणाले. दीनाबाईंच्या बाबतीत ते साफ खोटं आहे. वाटेतले खड्डे ओलांडत त्या शिक्षिका झाल्या, आणि त्यातला एक चांगला खोल खड्डा मी होतो.

दीनाबाई राहुरीच्या. वडील एलिया कृषी विद्यापीठाच्या रोपवाटिकेत कामाला होते. घर ख्रिस्ती, चर्चला धरून असलेलं. बाईंनी मराठी घेऊन बी.ए. केलं आणि तिथल्याच एका इंग्रजी शाळेत ग्रंथालय मदतनीस म्हणून लागल्या. पुस्तकांना कव्हर घालायची, शिक्के मारायचे, पोरांनी फाडलेली पानं डिंकानं चिकटवायची. या शाळेनं मोठ्या हौसेनं फाटकावर 'येथे फ्रेंच शिकवली जाते' अशी पाटी लावली होती. पुण्याहून एक बाई शिकवायला आणल्या, त्या दिवाळीच्या सुट्टीला गेल्या त्या गेल्याच. पाटी काही उतरवली नाही. फ्रेंचच्या तासाला पोरं दंगा करायला लागली, तेव्हा मुख्याध्यापकांनी दीनाबाईंना सांगितलं, "तुम्ही नुसत्या बसा वर्गात. गप्प ठेवा त्यांना."

तशा त्या बसल्या. दोनच दिवसांत सहावीतली एक मुलगी पुस्तक घेऊन टेबलाशी आली आणि म्हणाली, "हे काय लिहिलंय?" बाई म्हणाल्या, "मला येत नाही गं." मुलीनं सरळ विचारलं, "मग तुम्ही इथं का बसता?"

पुढं कधीतरी हे सांगताना बाई म्हणाल्या होत्या, "सर, मला राग आला न्हाई. बरोबरच हुतं तिचं. मी का बसते तिथं?" दुसरं कोणी असतं तर मुलीला कोपऱ्यात उभं केलं असतं. बाईंनी भाषा शिकायला घेतली. तेव्हा त्यांचं वय तेहतीस होतं.

क्लास पुण्यात, आणि नोकरी, घर, सगळं राहुरीत. पण बाईंकडे एक गोष्ट होती जी पुण्याच्या क्लासातल्या पोरांकडे नव्हती. त्या दर रविवारी चर्चमधली रविवारची शाळा घ्यायच्या. तिथं दर आठवड्याला लहान मुलांकडून एक सुवर्णवचन पाठ करून घेतात, म्हणजे शास्त्रातलं एक वाक्य. पंचवीस वर्षांची अशी शेकडो वचनं बाईंना मराठीत तोंडपाठ होती. मोबाईलवर तेच शास्त्र फ्रेंचमध्ये फुकट मिळत होतं, वर वाचून दाखवणारा एक धीरगंभीर आवाजही होता. मराठी वचन मनात, फ्रेंच वचन कानात, आणि हातानं पुस्तकांना कव्हर. अर्थ शोधायला शब्दकोश लागतच नव्हता, अर्थ आधीपासून ठाऊक होता. दीड वर्षात बाई अस्खलित वाचायला लागल्या. अशी युक्ती मला एकतीस वर्षांत सुचली नसती.

फक्त एक घोटाळा झाला, आणि तो राहुरीच्या रविवारच्या शाळेतल्या बाईंकडूनच होऊ शकतो. पुण्यात पहिली मोठी परीक्षा होती. तोंडी परीक्षेला समोर एक फ्रेंच गृहस्थ. प्रसंग दिला होता, बाजारात जाऊन भाजी घ्या. बाईंनी आत्मविश्वासानं सुरुवात केली. त्या जे बोलल्या त्याचं मराठी करायचं तर असं होईल : "हे भल्या मनुष्या, पाहा, मी तुजकडे आले आहे. खचित सांगते, मला अर्धा किलो टोमॅटो पाहिजेत. तुझ्या घराण्यावर शांती असो." त्या गृहस्थांना हसून हसून ठसका लागला, पाणी मागवावं लागलं. मग ते फार आदरानं म्हणाले की इतकं सुंदर फ्रेंच त्यांनी आजीच्या अंत्यविधीनंतर ऐकलं नव्हतं. आणि नापास केलं.

बाई परतीच्या एसटीत रडल्या. नगरला उतरेपर्यंत रडणं संपलं होतं. दुसऱ्या दिवसापासून त्या फ्रेंच बायकांचे स्वयंपाकाचे आणि हवामानाच्या बातम्यांचे व्हिडिओ ऐकायला लागल्या, आणि पुढच्या वर्षी पास झाल्या. मग त्यावरची, मग त्यावरची.

भाषा आली म्हणजे झालं असं तुम्हाला वाटेल. बाईंनाही तसंच वाटलं होतं. शाळा म्हणाली, सर्टिफिकिटं ठीक आहेत, पण शिक्षक व्हायचं तर बी.एड. लागतं. बी.एड.च्या एका कचेरीत सांगितलं, फ्रेंच पद्धती घ्यायची तर पदवीला फ्रेंच हवी, तुमची मराठीची. म्हणून बाईंनी परराज्यातल्या एका विद्यापीठातून पत्रद्वारे फ्रेंचमध्ये एम.ए. केलं, त्यात तीन वर्षं गेली. ते घेऊन गेल्या तर दुसऱ्या कचेरीत म्हणाले, पत्रद्वारे चालतं की नाही ते वर विचारावं लागेल. वरून उत्तर यायला आठ महिने लागले, आणि उत्तर असं होतं की चालतं. एका अर्जात भाषेच्या रकान्यात फ्रेंच नव्हतीच. खिडकीमागचा माणूस म्हणाला, "हिंदी टाका की बाई, काय फरक पडतो?" माझी कुणी अशी थट्टा केली असती तर मी खिडकीतून हात घालून त्याची कॉलर धरली असती. बाईंनी नुसतं विचारलं, "दादा, तुमाला कुनी बदलून दुसऱ्याच घरचं रेशनकार्ड दिलं तर चालंल का?" त्यानं मुकाट्यानं रकाना हातानं आखून दिला.

अशा त्या चाळिशीला टेकल्यावर आमच्या कॉलेजात आल्या. प्रवेश मिळाला, पण फ्रेंच पद्धती शिकवणार कोण? प्राचार्यांनी मला बोलावलं. "राधाकृष्ण, तुम्ही परदेशी भाषावाले. फ्रेंच तुमच्याकडे." मी म्हणायला हवं होतं की मला फ्रेंचचा फ येत नाही. पण वासरात लंगडी गाय शहाणी. कॉलेजात मी भाषांचा जाणकार म्हणून मिरवत होतो. मी म्हणालो, "बघतो."

काय बघणार? मी बाईंना फर्मावलं, टाचणं मराठीत लिहा. म्हणजे मला वाचता येतील, हे काही बोललो नाही. बाईंनी बारा टाचणं मराठीत लिहिली. डिसेंबरात विद्यापीठाचं पत्र आलं की टाचणं ज्या त्या पद्धतीच्या भाषेतच हवीत. बाईंनी बाराच्या बारा पुन्हा लिहिली, आणि पाठही नव्यानं घेतले. तेही शाळेची नोकरी सकाळपाळीत उरकून, राहुरी ते नगर रोज ये-जा करत. मी मागच्या बाकावर बसून पोरांच्या चेहऱ्यांकडे बघायचो. पोरं खुशीत दिसली की 'आवाज स्पष्ट' आणि सही. नव्या टाचणांतला एक शब्द मी वाचला नाही. वाचता येत नव्हता आणि कबूलही करवत नव्हतं.

मार्चमध्ये अंतिम पाठाची परीक्षा राहुरीच्या त्याच शाळेत ठेवली. बाहेरच्या परीक्षक म्हणून पुण्याहून सृष्टी मॅडम आल्या. वय असेल तिशीच्या आसपास, फ्रेंचच्या प्राध्यापिका. शाळेनं दीनाबाईंना लेखी कळवलं होतं की पंधरा जूनपर्यंत बी.एड. पूर्ण झाल्याचा कागद आणलात तर फ्रेंचची जागा तुमची, नाही आणलात तर विषय बंद. म्हणजे त्या दिवशी सात वर्षं पणाला लागली होती.

पाठ सातवीचा होता, रस्ता सांगण्याचा. बाईंनी फळ्यावर राहुरीचा नकाशा काढला. एसटी स्टँड, बाजारतळ, कारखान्याचा रस्ता, मुळा धरणाकडे जाणारा फाटा. एक मूल उठून एक वाक्य म्हणे, दुसरं ते म्हणून त्याला आपलं वाक्य जोडे, तिसरं दोन्ही म्हणून तिसरं जोडे. वचनं पाठ करून घ्यायची रविवारच्या शाळेतली रीतच ती. अख्खा वर्ग स्टँडपासून धरणापर्यंत फ्रेंचमध्ये चालत गेला. मध्येच एकानं उसाच्या मळीला फ्रेंचमध्ये काय म्हणतात ते विचारलं. बाई थांबल्या, आणि त्यांनी फ्रेंचमध्ये उत्तर दिलं. सृष्टी मॅडमनी माझ्याकडे वळून कौतुकानं सांगितलं, "म्हणाल्या, मला माहीत नाही, उद्या बघून सांगते." मी मान हलवली. माझ्या कानाच्या पाळ्या गरम झाल्या होत्या.

पाठानंतर मॅडमनी टाचणवही मागितली. मी निश्चिंत होतो. फलकलेखन सुबक, आवाज स्पष्ट. मॅडम पानं उलटत सातव्या टाचणाशी थांबल्या. टाचणाच्या शेवटी 'स्वयंमूल्यमापन' असा रकाना असतो, पाठ कसा झाला ते छात्राध्यापकानं स्वतः लिहायचं. त्याच्या बरोबर खाली माझी सही होती. मॅडमनी माझ्याकडे पाहिलं, मग बाईंकडे, आणि तो फ्रेंचमधला रकाना मराठी करून वाचून दाखवला.

"माझे मार्गदर्शक हे वाचत नाहीत. त्यांना ही भाषा येत नाही, यात त्यांचा दोष नाही. येत नाही हे ते सांगत नाहीत, हा दोष आहे. माझ्या चुका दाखवणारे कोणी नाही, म्हणून मला सापडल्या तेवढ्या चुका मीच खाली लिहून ठेवते."

खाली चार चुका लिहिल्या होत्या. प्रत्येक टाचणाखाली तशा होत्या.

मॅडमनी शांतपणे विचारलं, "सर, तुम्हाला फ्रेंच येतं का?"

थोडंफार येतं, असं म्हणालो असतो तर निभावलं असतं. वही मान्य झाली असती, बाई त्याच दिवशी मोकळ्या झाल्या असत्या. नाही म्हणालो तर भाषा न येणाऱ्यानं तपासलेले पाठ बाद, आणि बाईंचं वर्ष गेल्यात जमा. मी दीनाबाईंकडे पाहिलं. त्या माझ्याकडे बघत होत्या, विनवणी नव्हती त्यांच्या तोंडावर, रागही नव्हता. उत्तर काय येतं याची वाट बघत होत्या, बस्स.

मी म्हणालो, "नाही. एक अक्षर येत नाही."

मॅडमनी विद्यापीठात फोन लावले. शेवटी असं ठरलं की अंतिम पाठ उत्तम म्हणून ग्राह्य, पण बाराही सराव पाठ फ्रेंच जाणणाऱ्या शिक्षकासमोर पुन्हा घ्यायचे. आणि तसा शिक्षक मिळणार पुण्यातल्या शाळेत. मी म्हणजे मेल्याहून मेल्यासारखा झालो. दीनाबाई उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "मॅडम, शनिवारी चालंल का? दिवसाला दोन घेते."

तिसऱ्यांदा तेच बारा पाठ. लोक एका नकारानं अर्ज फाडून फेकतात हो.

सहा शनिवार त्या पहाटे राहुरीहून एसटीनं निघाल्या. मी नगरच्या स्टँडवर त्याच गाडीत चढायचो. पहिल्या शनिवारी त्यांनी विचारलं, "सर, तुमी कशाला येताय?"

म्हटलं, "बसायला. मागच्या बाकावर बसायची सवय आहे."

शिरूर मागे पडलं. शेवटी मीच विचारलं, "रागावलात का माझ्यावर?"

"व्हय सर. लई."

"मग तेव्हाच का नाही बोललात?"

"सही तुमच्या हातात हुती. बोलून कुठं जानार मी? म्हनून लिहिलं. वाटलं, कधीतरी कुनीतरी वाचंल."

मला तोंड लपवायला जागा नव्हती, एसटीत कुठून असणार? पण एवढं बोलल्यावर बाईंनी डब्यातल्या दोन चपात्या माझ्या हातावर ठेवल्या आणि विषय संपवला.

पुण्याच्या शाळेत पाठ बघायला एक पिकल्या केसांच्या बाई होत्या, कडक म्हणजे कडक. पहिला पाठ झाल्यावर त्यांनी दीनाबाईंना अर्धा तास समोर बसवून घेतलं. काचेतून मला दिसत होतं, लाल पेन थांबत नव्हतं. मी मनात म्हटलं, झालं, मोडली ही बाई आता. दार उघडून दीनाबाई बाहेर आल्या त्या धावतच. वही माझ्यापुढं उघडली. चेहऱ्यावर आनंद मावत नव्हता.

"सतरा चुका निघाल्या, सर! सतरा! त्यातल्या तीनच मला सापडल्या हुत्या. बाकीच्या चौदा मी इतकी वर्सं करत आले आन् कुनी सांगितलंच न्हाई."

मी भिंतीला टेकून उभा राहिलो. शिकण्याची इतकी भूक असलेलं माणूस मी वर्षभर 'आवाज स्पष्ट' खाऊ घालून उपाशी ठेवलं होतं. मला माझी खरोखर लाज वाटली, आणि त्या बाईचा असा अभिमान वाटला की जणू ती माझीच मुलगी. तसं म्हणायचा हक्क मला नव्हता, म्हणून म्हणालो नाही.

दुसऱ्या शनिवारी अकरा चुका निघाल्या, मग नऊ, मग पाच. शेवटच्या पाठाला दोन. त्या कडक बाई म्हणाल्या, "या दोन मीही करते कधीकधी." मे महिन्यात बारा पाठ पूर्ण झाले.

जूनच्या बारा तारखेला दीनाबाई कॉलेजच्या कचेरीत आल्या. पाठ पूर्ण झाल्याचा दाखला मार्गदर्शकाच्या, म्हणजे कागदोपत्री अजून माझ्याच, सहीनं विद्यापीठात जायचा होता, आणि त्याचीच प्रत शाळेला बी.एड. पूर्ण झाल्याचा कागद म्हणून चालणार होती. त्या कागदावर जी पद्धती लिहिलेली असेल तीच पदवीवर छापून येते. तीन दिवस हातात होते. आमच्या कारकुनानं, बन्सीनं, दाखला टाइप करून माझ्या टेबलावर ठेवला होता. मी दाखला पुढं ओढला, पेन उघडलं आणि सहीच्या जागेवर टेकवलं.

दीनाबाईंनी कागदावर हात ठेवला. "सर, वाचून करा."

"अहो, मराठीत आहे हा."

"म्हनूनच म्हनते. हे तर येतं ना वाचता?"

बन्सी फायलीत तोंड घालून हसला. मला थोडा रागच आला, पण चष्मा लावला आणि बाईंची खात्री पटावी म्हणून मोठ्यानं वाचायला लागलो. छात्राध्यापिकेचं नाव, दीना एलिया पाटोळे. बैठक क्रमांक. वर्ष. अध्यापन पद्धती, इंग्रजी.

मी थांबलो. बन्सीनं माझ्याच जुन्या विद्यार्थ्याचा दाखला उघडून फक्त नाव आणि क्रमांक बदलले होते. तसाच कागद गेला असता तर दीनाबाई जन्मभरासाठी इंग्रजीच्या शिक्षिका झाल्या असत्या, आणि त्या तर आमच्याकडे गल्लीला दहा आहेत.

मी विचारलं, "तुम्ही हे पाहिलं होतं?"

"सकाळी आल्या आल्या."

"मग सांगायचं नाही का?"

"सांगितलं असतं तर तुमी दुरुस्त करून सही केली असती," दीनाबाई म्हणाल्या. "वाचलं नसतं."

बन्सी घाईघाईनं कागद दुरुस्त करायला घेऊन गेला. तो दाखला वेळेत पोचला, पंधरा जूनला त्यांची नेमणूक झाली आणि आज राहुरीच्या त्या शाळेत फ्रेंच खरोखर शिकवली जाते. पण माझ्या लेखी त्या शिक्षिका झाल्या त्या बारा तारखेलाच, माझ्या टेबलापाशी. बन्सीनं नवा कागद आणल्यावर मी तो पहिल्या ओळीपासून पुन्हा वाचायला घेतला. मला वेळ लागत होता. दीनाबाईंनी खुर्ची दिली तरी घेतली नाही. वर्गात एखाद्या पोराचं उत्तर येईपर्यंत थांबतात तशा त्या माझं वाचून होईपर्यंत उभ्या राहिल्या.